नको त्या गावांची यादी

ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट विचारू नये, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी इंटरनेटवर जाहिरात दिली नसावी. कारण रावसाहेबांना ज्या गावांना जायचं नव्हतं, नेमक्या त्याच गावांची नावं, त्यांचे रस्ते, त्या रस्त्यांवरच्या कॉलन्या आणि त्या कॉलन्यांमागचे बोळ एकेक करून शोधत बसावं लागलं. आणि तेही निवृत्तीनंतर, जेव्हा माणसाने खरं म्हणजे खुर्चीत बसून नव्या साहेबांच्या कारभाराला नावं ठेवायची असतात.

‘रावसाहेब’ ही पदवी त्यांना कुणी बहाल केलेली नव्हती. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क होते. बिल्डिंगमधल्या लोकांनी थट्टेने रावसाहेब म्हणायला सुरुवात केली, रावसाहेबांनी ती थट्टा मनावर न घेता अंगावर घेतली, आणि मग ती तशीच अंगावर राहिली. त्यांच्या बायकोला मात्र सगळे ‘पडदेबाई’ म्हणत, आणि त्यात थट्टा नव्हती. ती पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायची आणि घरी येऊन शिवायची. पुढच्या खोलीत पूर्वी सोफा होता, तिथे आता शिलाई मशीन होतं. सोफा गेला तेव्हा रावसाहेबांनी आठवडाभर तोंड फुगवलं होतं. पण निवृत्त झाल्यावर दुपारी घरात जो एकमेव जिवंत आवाज असे, तो त्या मशीनचा, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. मशीन चालू असलं की त्यांना पेपर वाचता यायचा. बंद पडलं की तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं जायचं.

जाहिरातीची कल्पना रावसाहेबांची. बाई एकदा जेवताना काहीतरी अडचण सांगत होती, रावसाहेब म्हणाले, “थांब, मी बघतो काहीतरी,” आणि त्यांनी जे बघितलं ते म्हणजे ही जाहिरात. जावई कॉम्प्युटरमधला. त्याने खातं उघडून दिलं. कुणी फोनवर ‘पडदे शिवून देणारे’ असं शोधलं की सगळ्यात वर पडदेबाईंचं नाव यायचं. त्याने ते दाबलं की आपले पैसे कापले जायचे. म्हणजे दुकानात कुणी नुसतं डोकावलं तरी दुकानदारानेच तिकीट काढायचं, असा हा उलटा तमाशा.

फोन यायला लागले. पण कुठून? बंदराकडून. तलावापलीकडून. आणि एक दिवस विमानतळाच्या बाजूने. बाई बस बदलत बदलत तिकडे गेली. लिफ्ट बंद होती, म्हणून जिने चढली. गिऱ्हाइकाने दार उघडलं, पाणी विचारलं नाही, आणि बाथरूमची खिडकी दाखवली. हातरुमाल अडकवला असता तरी झाकली गेली असती, एवढीशी खिडकी. वर म्हणाला, “शिवायचं नक्की नाही हो. नुसता भाव काढतोय.”

बाई घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि चपलाही न काढता मशीनच्या स्टुलावर बसली. गुडघे दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, “आता बास. लांबचं काम मी घेणार नाही. महिनाअखेरपर्यंत तुमच्या त्या जाहिरातीतून जवळचं काही आलं तर ठीक, नाहीतर मशीन भाचीला देऊन टाकते. तिला हवंच आहे.”

ती चिडून म्हणाली असती तर रावसाहेबांनी दुर्लक्ष केलं असतं. संसारात चिडून बोललेलं मोजायचं नसतं. पण ती दमून म्हणाली, आणि लगेच उठून भाचीला फोनही केला.

रावसाहेबांनी जावयाला फोन लावला. जावई मीटिंगमध्ये होता. जावई नेहमी मीटिंगमध्ये असतो, आणि तरीही फोन उचलतो. त्यामुळे त्या मीटिंगांमध्ये काय होतं, हा प्रश्न रावसाहेबांना बरीच वर्षं पडलेला आहे.

“बाबा, जाहिरातीचं वर्तुळ मी तुमच्या घराभोवतीच मारलंय,” जावई हळू आवाजात म्हणाला. “पण होतं काय, माणूस ऑफिसला येतो आपल्या इथे आणि राहतो विमानतळाकडे. आपल्या वर्तुळात बसून तो शोधतो, ‘विमानतळ पडदे’. त्याला आपली जाहिरात दिसते.”

“म्हणजे पाहुणा आपल्या ओसरीवर बसून शेजाऱ्याचा पत्ता विचारतो.”

“तसंच. त्यासाठी नको असलेल्या ठिकाणांची नावं निगेटिव्हमध्ये टाकायची. शोधणाऱ्याने ते नाव लिहिलं की आपली जाहिरात दिसणारच नाही. चार-पाच नावं टाका, पुरे.”

‘चार-पाच नावं टाका, पुरे’ हे वाक्य ज्याला समजतं, तो माणूस खात्यात हेडक्लार्क होत नाही. रावसाहेबांनी चष्मा पुसला, शहराचा नकाशा भिंतीला लावला आणि कामाला लागले. एक विमानतळ टाकून भागणार नव्हतं. विमानतळाचा रस्ता होता, त्याच्यामागची जुनी कॉलनी होती, कॉलनीसमोरचं नवं नगर होतं. ही सगळी मंडळी मोकळी सोडायची आणि एकट्या विमानतळालाच अडवायचं, हा कुठला न्याय?

आता खात्याची एक शिस्त होती. ग्राहकाचा पत्ता लिहायचा तर एका रकान्यात एकच शब्द. दोन शब्द एका रकान्यात घुसले की अर्ज परत. या शिस्तीवर रावसाहेबांनी हयात काढली होती, आणि इथे तर जाहिरातवाल्या कंपनीनेच लिहिलं होतं की एका ओळीत एकच नोंद करा. रावसाहेबांना फार बरं वाटलं. इतक्या मोठ्या कंपनीत कुणीतरी शिस्तीचा माणूस आहे तर! त्यांनी ‘विमानतळ रस्ता जुनी कॉलनी मागे’ हा पत्ता घेतला आणि एकाखाली एक लिहिला: विमानतळ. रस्ता. जुनी. कॉलनी. मागे. मग बंदराकडे वळले. बंदर. जवळ. नवं. नगर. समोर.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचा विमा एजंट भेटला. त्याच्यापासून बिल्डिंगमध्ये काहीही लपून राहत नाही, कारण त्याच्याकडे सांगायला पॉलिसी आणि ऐकायला वेळ, दोन्ही भरपूर असतं.

“तलावाकडचे टाकले का?” त्याने विचारलं.

“टाकायचेत.”

“आधी ते टाका! काय लोक आहेत! दोन तास बसवून घेतात, पॉलिसी घेत नाहीत, आणि निघताना आपल्यालाच सांगतात, पैसे जमिनीत गुंतवा. तलाव तर टाकाच, पण तलावाच्या अलीकडची वस्तीपण टाका. त्यांची हवा लागलीय यांना.”

सोसायटीच्या सेक्रेटरीबाई पाठोपाठ आल्या. त्यांचा जुना भाडेकरू पार्किंगच्या खांबाला गाडी घासून गोदामांच्या भागात राहायला गेला होता. “गोदाम घाला, रावसाहेब. मोठ्या अक्षरात घाला.” अक्षरं मोठी करता येत नाहीत असं सांगितल्यावर त्यांनी ते दोनदा घालायला सांगितलं.

रावसाहेबांना हे सगळं आवडलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी शिफारस घेऊन आलं नव्हतं. आता लोक येत होते, दारात उभं राहून अमुक भाग कसा नालायक आहे ते पटवून देत होते, आणि रावसाहेब “बघतो, तपासतो” म्हणत होते. दोन दिवसांत शहराचा असा एकही कोपरा उरला नाही ज्याच्याशी बिल्डिंगमधल्या कुणाचं ना कुणाचं वाकडं नव्हतं.

टेकडी मात्र त्यांनी स्वतःच्या मनाने टाकली. टेकडीवर जायचा चढ भलताच अंगावर येणारा, आणि बाईच्या गुडघ्यांचा विचार करता तिथलं काम नकोच. टेकडीवर विहीणबाई राहतात, म्हणजे या जावयाच्याच मातोश्री, हे त्यांच्या लक्षात होतं. ते थोडे थबकलेही. पण विहीणबाई आपल्याच व्याह्यांना फोनवर कशाला शोधत बसतील? नात्यातलं माणूस नात्यातल्या माणसाला फुकट शिवून मागतं. एवढा विचार करून त्यांनी टेकडी लिहिली, आणि कंटाळून त्या रात्री लवकर झोपले.

दुसऱ्या दिवसापासून फोन थांबले.

“बघितलंस?” रावसाहेब विजयाने म्हणाले. “बंदराचा नाही, तलावाचा नाही. एकही लांबचा फोन नाही.”

“आणि जवळचा?” बाईने विचारलं.

“येईल. आधी तण काढायचं, मग पीक.”

बाईने मशीनवर झाकण घातलं. रावसाहेबांनी पेपर उचलला आणि पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

आठवडा गेला. फोन वाजला तो एकदाच, आणि तो विमा एजंटाचा होता. तो खाली न येता वरूनच बोलत होता. “रावसाहेब, मी रोज ‘पडदे जवळ’ लिहून तुमची जाहिरात दाबत होतो, तुम्हाला प्रोत्साहन म्हणून. हल्ली दिसत नाही.” त्याच्या प्रत्येक प्रोत्साहनाचे पैसे कापले गेले होते, हे रावसाहेबांना तेव्हा कळलं. त्यांनी फोन ठेवला आणि स्वतः शोधून पाहिलं. आपल्याच घरात, मशीनशेजारी बसून त्यांनी लिहिलं, ‘पडदे शिवणारे जवळ’. एका मोठ्या दुकानाची जाहिरात आली. त्यांनी आपल्या रस्त्याचं नाव घालून पाहिलं. तेच दुकान. आपल्या कॉलनीचं नाव घातलं. पुन्हा तेच दुकान, आणि या वेळी त्याच्यासोबत चटयांवर सूट.

घरातल्या घरात आपल्याला कुणी ओळखू नये, यासारखा अपमान नाही. रावसाहेबांनी मदतकेंद्राला फोन लावला.

मदतकेंद्राने आधी त्यांना एक दाबायला सांगितलं, मग तीन, मग पुन्हा एक. मग गाणं लावलं. गाणं संपत आलं की आवाज यायचा, “आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. खात्यात असताना रावसाहेब लोकांना नुसतं “उद्या या” म्हणायचे. या गाण्यापेक्षा ते माणुसकीचं होतं, असं त्यांना वाटून गेलं. शेवटी एक मुलगी बोलायला लागली. आवाज इतका गोड, की भांडायची सोयच नव्हती.

“सर, मी आपली यादी बघतेय. आपण बराच अभ्यास केलेला दिसतोय.”

“आमच्या खात्यात असंच काम चालायचं,” रावसाहेब म्हणाले.

“सर, आपण ‘रस्ता’ हा शब्द अडवलाय.”

“विमानतळ रस्त्यातला रस्ता आहे तो.”

“हो सर, पण मशीनला ते कळत नाही. कुणीही रस्ता असं लिहिलं की आपली जाहिरात जात नाही. ‘कॉलनी’ पण अडवलीय. ‘नगर’, ‘समोर’, ‘मागे’. सर, आपण ‘जवळ’सुद्धा अडवलंय.”

“ते बंदराजवळचं जवळ.”

“लोक सगळ्यात जास्त तेच लिहितात, सर. जवळ कोण आहे म्हणून. पूर्ण पत्ता एका ओळीत लिहायचा होता, सर. आपण शब्द सुटे केलेत. आता या यादीप्रमाणे आपण नक्की कुठे सेवा देता, एवढं सांगता का?”

रावसाहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. फुल्या मारून मारून तो असा दिसत होता की शहर सोडून सगळे पळून गेले असावेत. “मी आपल्याला कळवतो,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी हजारो वेळा उच्चारलं होतं, पण त्याच्या आतली लाज त्यांना त्या दिवशी प्रथम जाणवली.

“यादी पुसायची असेल तर खातेदाराची मंजुरी लागेल, सर. खातं आपल्या जावयांच्या नावावर आहे. त्यांना मेसेज गेलाय. सर, आजची सेवा आपल्याला कशी वाटली?”

म्हणजे जावयाला कळणार. हेडक्लार्क म्हणून नावाजलेल्या माणसाची एका जाहिरातीत काय दशा झाली, हे घरचा जावई मंजुरी देताना वाचणार. रावसाहेबांना एवढंच वाईट वाटत होतं. याहून वाईट काही असू शकतं, हे सुचायला माणूस फार दमलेला नसावा लागतो.

इकडे टेकडीवर विहीणबाईंनी आपल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की आमच्या विहिणीची जाहिरात थेट फोनवर येते. मैत्रिणींनी बाकावर बसून ‘टेकडी पडदे’ असं शोधलं. जाहिरात आली त्या मोठ्या दुकानाची. एक मैत्रीण नुसती “बरं” म्हणाली. विहीणबाईंना ते “बरं” घरापर्यंत टोचत आलं. त्यांनी लेकाला फोन केला, आणि लेक नेमका त्याच वेळी मंजुरीसाठी ती यादी उघडून बसला होता.

जावई गुणी आहे, निर्व्यसनी आहे, पण कॉम्प्युटरमधला आहे. विचारलं की खरं सांगतो. तो म्हणाला, “आई, टेकडी निगेटिव्हमध्ये आहे. बाबांनीच टाकलीय.”

महिनाअखेरचा रविवार उजाडला. भाचीने पाठवलेला टेम्पोवाला मशीन न्यायला आला. बाईने आदल्या दिवशीच मशीन पुसून, तेल घालून, जुन्या चादरीत बांधून ठेवलं होतं. रावसाहेब आतल्या खोलीच्या दारात उभे होते. “आणखी आठ दिवस थांबली असतीस,” असं म्हणावंसं त्यांना वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार? टेम्पोवाल्याने मशीन उचललं, दरवाजातून अर्धं बाहेर काढलं, आणि तिथेच थांबला. कारण जिन्यातून विहीणबाई वर येत होत्या.

विहीणबाई रोज टेकडी चढतात-उतरतात. बिल्डिंगचा जिना त्यांच्या खिजगणतीत नव्हता. मशीन आणि चौकटीच्या फटीतून त्या आत शिरल्या, मशीनचं स्टूल भिंतीशी होतं त्यावर बसल्या, आणि म्हणाल्या, “कुठे आहेत रावसाहेब? टेकडी यादीतून निघालेली मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीय.”

“विहीणबाई, पाणी घ्या,” रावसाहेब म्हणाले.

“पाणी नंतर. आधी सांगा, आमच्या टेकडीवर काय साथ आलीय? निगेटिव्ह म्हणे! माझा रक्तगट आहे निगेटिव्ह, पण तोसुद्धा कुणी असा चारचौघांत काढला नव्हता. लेक दिली तेव्हा चालली टेकडी, पडद्यांना नाही चालत?”

“तसं नाही हो. तुम्ही नात्यातल्या…”

“नात्यातल्या म्हणून आधी आम्हाला वगळलंत?”

रावसाहेबांनी शेवटचं हत्यार काढलं. “हे सगळं हिच्या गुडघ्यांसाठी केलं, विहीणबाई. चढ आहे ना तुमच्याकडे. हीच म्हणाली, लांबचं काम नको.”

“माझ्या गुडघ्यांना मधे आणू नका,” बाई स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली.

टेम्पोवाला मशीन छातीशी धरून उभा होता. “ताई, न्यायचं का ठेवायचं? खाली गाडी आडवी लावलीय, वॉचमन बोंबलतोय.”

“थांबा जरा,” बाई म्हणाली. मग रावसाहेबांकडे वळली. “गुडघे दुखतात ते दुखतातच. बसून शिवलं तरी दुखतात. त्यासाठी मशीन कोण देतं हो? रुंद खिडकी असली की टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मी कुणाला सांगू? परक्या घरात परक्या माणसाला म्हणायचं, धरा हो जरा. तो धरतो एका हाताने, दुसऱ्या हातात त्याचा फोन. टोक घसरतं. पडदा आखूड होतो. मग तोच म्हणतो, बाई, तुम्हाला माप घेता येत नाही. इतकी वर्षं शिवतेय मी. जवळच्या घरी ओळख असते, तिथे कुणीतरी नीट धरतं. लांब गेलं की कळतं, आपण एकट्या आलोय.”

“मग मला सांगायचंस!”

“सांगितलं होतं. जेवताना सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, थांब, मी बघतो काहीतरी.”

विहीणबाईंनीही नजर पायाकडे वळवली, आणि त्यांच्यासारख्या बाईकडून एवढी दया म्हणजे पुष्कळच झाली. रावसाहेब दाराच्या चौकटीला टेकले. नकाशा, फुल्या, शिस्त, शिफारशी, मदतकेंद्राचं ते गाणं, हे सगळं त्यांनी मोठ्या कष्टाने केलं होतं. त्यापेक्षा उठून चपला घालणं सोपं होतं. ते त्यांना सुचलं नव्हतं, आणि ज्या दिवशी तिने सांगितलं त्या दिवशी त्यांनी ऐकलंसुद्धा नव्हतं. त्यांना स्वतःची फार शरम वाटली.

“तुमची खिडकी किती रुंद आहे, विहीणबाई?” त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा रावसाहेबी नव्हता.

“माझी?” विहीणबाई गोंधळल्या. “चांगली भिंतभर आहे. वारा येतो ना वर. तयार पडदे टिकत नाहीत, फडफडून जातात. मी तर शिवून घेणारच होते. पैसे देऊन! मैत्रिणींच्या देखत सांगणार होते, तर हे…” त्यांना पुन्हा संताप आठवला, पण आधीइतका जमला नाही. “एका माणसाचं काम नाहीये ते.”

“नाहीच,” रावसाहेब म्हणाले आणि कपाटातून चपला काढायला लागले.

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग टेम्पोवाल्याला म्हणाली, “मशीन आत ठेवा. आणि आलाच आहात तर आम्हाला टेकडीवर सोडा. भाडं वाया कशाला?” भाचीला तिने जिन्यातूनच फोन करून सांगितलं की इतक्यात नाही जमायचं गं. भाची काय बोलली ते कळलं नाही, पण बाईने फोन जरा लांब धरला होता.

टेम्पोत पुढे जागा दोघींचीच. विहीणबाई आणि पडदेबाई पुढे बसल्या. रावसाहेब मागे, कापडाच्या नमुन्यांच्या गठ्ठ्यावर. फाटकापाशी विमा एजंट उभा होता.

“रावसाहेब, कुठे निघालात?”

“टेकडीवर!”

“ती तर यादीत टाकलीत ना तुम्ही?”

टेम्पोने तेवढ्यात असा हिसका दिला की उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि गठ्ठा सावरताना जी प्रतिष्ठा शिल्लक होती तीही थोडी सांडली. चढाला टेम्पो कण्हायला लागला. रावसाहेब मागे सरकत सरकत फळीला जाऊन टेकले. पुढून दोघी विहिणींच्या बोलण्याचा आवाज येत होता. विषय बहुधा तेच होते.

विहीणबाईंची खिडकी खरोखरच भिंतभर होती. बाई एका टोकाला खुर्चीवर उभी राहिली, दुसऱ्या टोकाला रावसाहेब स्टुलावर. स्टूल डुगडुगत होतं. वारा अंगात शिरत होता. टेप मधे झोळीसारखा लोंबत होता.

“घट्ट धरा.”

“धरलंय.”

“वर घ्या. कोपऱ्याला लावा. त्या कोपऱ्याला नाही, पडद्याच्या दांडीच्या कोपऱ्याला.”

रावसाहेबांनी दोन्ही हातांनी टोक धरलं. दंड भरून आले. नाकाला खाज सुटली, पण हात सोडायची त्यांची छाती झाली नाही. विहीणबाई खाली उभ्या राहून तिसऱ्याच दिशेने सूचना देत होत्या.

“वाचा,” बाई म्हणाली.

रावसाहेबांनी आकडा वाचला. आयुष्यभर मीटरचे आकडे वाचलेल्या माणसाच्या आवाजात, खणखणीत. एरवी ती प्रत्येक माप पुन्हा एकदा घेते, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी टोक सोडलं नाही. पण तिने पेन्सिलने आकडा लिहिला आणि खुर्चीवरून खाली उतरली.

“पुन्हा नाही बघायचं?” त्यांनी वरूनच विचारलं.

“नको. तुम्ही धरलं होतंत ना.”

ती गुडघ्यावर हात ठेवून जराशी थांबली आणि खुर्ची पुढच्या खिडकीकडे ओढायला लागली. रावसाहेब स्टुलावरून सांभाळून उतरले, दंड चोळले आणि खोलीभर नजर फिरवली. टेकडीवरच्या घरांना खिडक्या फार असतात. वाऱ्यासाठी ठेवलेल्या असतात म्हणे.

“एकूण किती आहेत गं?” ते थकलेल्या आवाजात म्हणाले. “एक, दोन, ती तिकडची…”

“मोजू नका,” बाई म्हणाली. “धरा.”